तिबेटी स्वेटर मार्केट, बेळगाव : चार स्टार, एक कापला तो चेनसाठी

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबणार आहे. ज्यांना नुसतं स्वेटर घ्यावा का नको एवढंच बघायचंय त्यांच्यासाठी : घ्या, एक साइज मोठा घ्या, आणि चेनवाला घेत असाल तर तिथंच उभं राहून चेन धा वेळा वरखाली करून बघा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

मी लिहायला बसले त्याचं कारण खरं तर स्वेटर नव्हेच. स्टॉल रात्री किती वाजेपर्यंत चालू असतात ते बघायला मोबाईल उघडला, तर लोकांनी दिलेले स्टार दिसले, आणि एक-एक स्टार देणाऱ्या निम्म्या लोकांनी स्वेटरबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. एकजण म्हणतो बाहेरचे लोक आहेत, पाकीट सांभाळा. एकजण म्हणतो हे आले की गावात चोऱ्या वाढतात. आणि एकानं नुसतं ‘नेपाळी चोर’ लिहून सोडलंय, अरे बाबा ते नेपाळी तरी आहेत का, शिवी द्यायची तर पत्ता तरी नीट घाल. तू काय घेतलास, केवढ्याला घेतलास, धुतल्यावर आटला का, रंग गेला का, ह्यातलं काही तरी लिही की. म्हटलं आपण घेतलाय चार नग, आपणच लिहूया.

तर मार्केट म्हणजे काय ते गावाबाहेरच्यांना सांगते. दिवाळीचे आकाशकंदील उतरायच्या आत मैदानाच्या कडेला बांबू, पत्रे आणि निळ्या ताडपत्र्या येऊन पडतात, आठवड्याभरात तिबेटी लोकांच्या स्टॉलांची लाईन उभी राहते, आणि संक्रांत उलटून गेली की एक दिवस सकाळी बघावं तर नुसते खड्डे. मधले अडीच-तीन महिने निम्मं बेळगाव तिथं अंगाला स्वेटर लावून बघत असतं. आमचं गाव साडेसातशे मीटर उंचीवर, डिसेंबरात पहाटे दूध आणायला गेलं की नाक गळायला लागतं, त्यामुळं चंदगड-खानापूरकडनं बाजाराला आलेली माणसं पण जाता जाता दोन माकडटोप्या घेऊनच जातात.

माल सगळा लुधियानाचा. तिबेटातनं याकच्या केसांचा स्वेटर आलाय असं समजून जाणार असाल तर राहूदे. ही लोकं सीझनच्या आधी लुधियानाला जाऊन गठ्ठे उचलतात, बराच माल उधारीवर, आणि सीझन संपल्यावर पैसे चुकते करतात, पिढ्यानपिढ्या तेच व्यापारी आणि तीच उधारी. मी जिच्याकडनं घेतले त्या मावशींनी स्वतःच सांगितलं, ‘प्युअर वूल नाही हां, मिक्स आहे.’ मी घरी येऊन आतला एक धागा काडीनं पेटवून बघितला (हे आमच्या आईनं शिकवलेलं, लोकर असली तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि चुरा होतो, अ‍ॅक्रिलिक असलं की वितळून कडक गोळी होते) तर गोळी पण झाली आणि थोडा वास पण आला. म्हणजे मावशी खरं बोलल्या. गावातल्या एका मोठ्या दुकानात मी मागच्या वर्षी दुप्पट पैसे देऊन शंभर टक्के लोकर लिहिलेला घेतला होता त्याची नुसती गोळीच झाली होती, तिथं कुणी एक स्टार दिलेला नाही, काच आहे ना दुकानाला.

मी काय काय घेतलं : सासूबाईंना मरून रंगाचा हाफ स्वेटर 650, मुलाला चेनवालं हुडी 1100, मला पुढं बटणांचा स्वेटर 900, आणि मिस्टरांना वॉकिंगला जायला माकडटोपी 120. एकूण 2770. वर ‘एक दाम’ बोर्ड लावलेला असूनही वरचे 70 मावशींनी आपणहून सोडले. फोनवरनं पैसे चालतात. महिनाभर वापरून झाल्यावरचं सांगते, माझ्या स्वेटरला कोपरापाशी थोडे गोळे आलेत, रंग अजिबात गेला नाही, सासूबाईंचा तर नव्यासारखा आहे खरं त्या तो फक्त देवळात जाताना घालतात. गरम पाण्यात घालू नका, पिळू नका, दोरीवर लोंबकळत ठेवू नका, चटईवर पसरून वाळवा. दोरीवर वाळवलात तर दोन धुण्यांत गुडघ्यापर्यंत येतो आणि मग तिबेटी लोकांना नावं ठेवत बसाल.

आता मूळ गोष्टीला येते.

नोव्हेंबरात आमच्या कॉलनीत एका आठवड्यात दोन घरं फुटली, दोन्ही घरची माणसं दिवाळीला गावाला गेलेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात मागच्या क्रॉसमधल्या एका वहिनींच्या गळ्यातली चेन दोघं बाईकवरनं येऊन ओढून घेऊन गेले. तोंडं बांधलेली, बाईकला नंबर नाही, कुणाला काही दिसलेलं नाही. त्या संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘शहरात बाहेरून स्वेटर विकायला आलेल्या निर्वासित लोकांच्या टोळ्या दिवसा घरं बघून ठेवतात, बहिणींनी सावध राहावे’, खाली तीन लाल दिवे आणि हात जोडलेले. आणि मी, बी.कॉम. झालेली, घरी रोज पेपर घेणारी, पाच मिनिटांत तो मेसेज माहेरच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर आणि मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर टाकला. वर आपल्याकडनं एक ओळ जोडली, ‘आमच्याच भागात झालंय.’ त्या एका ओळीनं मेसेजला जे वजन आलं ना, ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं. आमच्या भागात चोरी झाली हे खरं, आणि वरचा मेसेज कुठनं आला ते मला माहीत नाही, खरं दोन्ही एकाखाली एक ठेवल्यावर वाचणाऱ्याला तेच एक प्रकरण वाटणार की. 2018 मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज असेच फिरले होते, धुळ्याकडं राईनपाड्याला पाच भिक्षुकांना गावानं ठेचून मारलं, आपल्या बीदरकडं कारमधनं चाललेल्या एका इंजिनिअरला मारलं. त्यातल्या प्रत्येक मेसेजवर पण कुणीतरी ‘काळजी घ्या’च लिहिलं असणार.

तर अशी मी स्वेटर घ्यायला गेले. गाडी लावल्या लावल्या पहिलं काम काय केलं तर मंगळसूत्र ड्रेसच्या आत ढकललं आणि ओढणी गळ्याभोवती दोनदा गुंडाळली. पर्स पोटाशी. मावशी समोरच मोड्यावर बसून थर्मासमधला चहा पीत होत्या, मागं दलाई लामांचा फोटो आणि त्याला प्लास्टिकच्या शेवंतीचा हार, आणि माझा हा सगळा उद्योग त्यांनी बघितला. काही बोलल्या नाहीत. नंतर माझ्या मापाचा स्वेटर शोधायला वाकल्या तेव्हा त्यांच्या गळ्यातली पोवळ्यांची माळ बाहेर आली, ती त्यांनी पटकन आत घातली, आणि वर बघून हसल्या. ‘मैं भी अंदर रखती है,’ म्हणाल्या, ‘हुबळी बस में एक बार खींच लिया.’ मला तिथंच ताडपत्रीत तोंड खुपसावं वाटलं.

भाषेचं एक सांगते, हसू येईल. माझ्याशी हिंदी बोलत होत्या, तेवढ्यात शेजारच्या स्टॉलवर एक गोकाककडचं गिऱ्हाईक आलं, तर त्याच्याशी मावशी असं खणखणीत कन्नड बोलायला लागल्या की मी बघतच राहिले. तो गोकाकचा माणूस आणि मावशी, दोघं भावाबहिणीसारखे भांडलालते रेटवरनं. आमच्या घरात तीन पिढ्या बेळगावात गेल्या, सासरे कोर्टात ‘गोत्तिल्ला’वर (म्हणजे ‘माहीत नाही’) सगळं भागवायचे, आणि ह्या बाईचं कन्नड वर्तमानपत्रासारखं. आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांना कोण कधी इथलं म्हणतो कोण कधी तिकडचं म्हणतो, 1956 पासनं तेच चाललंय, बाहेरचे म्हटल्यावर पोटात काय होतं ते आम्हाला कुणी शिकवायला नको. तरीपण मी मेसेज पुढं ढकललाच, बघा.

मावशी मुंडगोडच्या. म्हणजे तिबेटच्या अजिबात नाहीत, जन्म मुंडगोडचा, 1972 चा. तिबेट त्यांनी फोटोतच बघितलाय. दलाई लामा 1959 ला इकडं आले, त्यांच्यामागं हजारो लोक आले, आणि त्यांना जागा द्यायला पुढं झालेलं राज्य म्हणजे आपलंच, तेव्हाचं म्हैसूर. पहिली वसाहत बैलकुप्प्याला, मग 1966 ला मुंडगोडला जवळजवळ 4000 एकर जंगल दिलं, ते तोडून शेती केली. हुबळीच्या पुढं तडस लागतं, तिथनं आत गेलं की कॅम्प नंबर एक, दोन, तीन अशी गावं. ल्हासाजवळचे ड्रेपुंग आणि गादेन हे मोठे मठ तिथं परत उभे केलेत. आम्ही दोन वर्षांमागं अत्तिवेरीचे पक्षी बघायला गेलो होतो तेव्हा तिथं थुक्पा (शेवयांचं सूप) खाल्लेला, चांगला होता, मीठ कमी.

मी विचारलं, मग तुम्ही आता भारताच्याच की? तर त्यांनी गल्ल्याखालनं प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं एक पुस्तक काढलं. आरसी. रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट. फोटो, पत्ता, आईबापाचं नाव, सगळं, आणि मागं शिक्क्यांवर शिक्के. ठराविक वर्षांनी एसपी ऑफिसला जाऊन वाढवून घ्यायचं, कॅम्प सोडून जास्त दिवस बाहेर राहायचं असलं की कळवून यायचं, इथं आल्यावर इथल्या पोलिसांना यादी द्यायची, कोण कुठल्या स्टॉलवर, कुठं भाड्यानं राहतात, मोबाईल नंबर काय. आमचे मिस्टर वकिलाकडं कामाला आहेत, त्यांनी घरी समजावून सांगितलं की 1951 चा निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार आहे त्यावर भारतानं सही केलेली नाही आणि आपल्याकडं निर्वासितांसाठी वेगळा कायदा पण नाही, त्यामुळं कागदावर ही लोकं ‘परदेशी’. आणि गंमत अशी की 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 मध्ये भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक, दिल्ली हायकोर्टानं 2010 ला एका तिबेटी मुलीच्या केसमध्ये तसंच सांगितलंय, म्हणजे मावशी हिशोबानं भारतीयच. मग पासपोर्ट का नाही काढला, तर म्हणाल्या तो काढायचा तर हे पुस्तक परत द्यायचं, मग कॅम्पातलं घर, शेत, त्याचं काय. मुलगी बेंगळूरला नर्स आहे ती काढूया म्हणते, ह्या नको म्हणतात.

मला घरी येईपर्यंत हेच डोक्यात. अख्ख्या बेळगावात आत्ताच्या घडीला पोलिसांकडं ज्याचा फोटो, पत्ता, आईबापाचं नाव, भाड्याच्या खोलीचा मालक आणि परत जायची तारीखसुद्धा लिहून ठेवलेली आहे असा माणूस कोण तर हा स्वेटरवाला. आमच्या कॉलनीत वरच्या मजल्यावर तीन पोरं भाड्यानं राहतात त्यांची नावं घरमालकाला पण धड माहीत नाहीत. मग चोरी करायला लुधियानाहून गठ्ठे आणून, भाडं भरून, पोलिसांत नाव नोंदवून, चौकात बोर्ड लावून कोण बसेल ओ?

‘मग हे आले की चोऱ्या का वाढतात’ असं ज्यांनी लिहिलंय त्यांना एवढंच म्हणते की कॅलेंडर बघा. दिवाळीत घरं बंद. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, लॉकरमधलं सोनं अंगावर. थंडीमुळं नऊ वाजता गल्ल्या सामसूम, दारं-खिडक्या गच्च बंद, शेजाऱ्याकडं खुट्ट झालं तरी कळत नाही. चोराला पायजे ते सगळं त्या दोन महिन्यांत जमून येतं, आणि नेमके त्याच दोन महिन्यांत स्वेटरवाले येतात, कारण थंडी पण तेव्हाच. उद्या हुरड्याची कणसं विकणाऱ्या बाया आणि चोऱ्या पण एकाच वेळी येतात म्हणून त्यांना धरणार काय?

एक गोष्ट मला मावशींनी तिसऱ्या खेपेला सांगितली (हो, मी तीनदा गेले, चेनचं पुढं सांगते). सीझनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री कुणीतरी मागनं कनात ब्लेडनं फाडून जर्किनांचा एक गठ्ठा नेला. पंधरा-सोळा नग. त्यांचा एक माणूस रात्री राखणीला असतो, तो दुसऱ्या टोकाला होता. मी म्हटलं, कंप्लेंट? तर मान हलवली. ‘जाएगा तो पहले हमारा ही कागज देखेगा.’ आणि पुढं, पेपरात आलं की तिबेटी मार्केटमध्ये चोरी, तर लोकांच्या लक्षात काय राहणार, तिबेटी आणि चोरी. म्हणून गप्प बसले, सगळ्या स्टॉलवाल्यांनी वर्गणी काढून थोडं भरून दिलं. म्हणजे बघा, आमच्या दोन घरफोड्यांची चर्चा तीन ग्रुपांवर, आणि ह्यांच्या चोरीची नोंद कुठंच नाही. आकडा काढायला बसलं तर कुणाच्या नावावर काय दिसेल?

हुबळीवरनं आठवलं. सासूबाईंचं माहेर हुबळीचं, त्या ‘सेटलमेंटमध्ये जाऊ नको’ असं लहानपणी ऐकत वाढल्या. मी समजायची की काहीतरी जमिनीचं सेटलमेंट असेल. तर ते इंग्रजांच्या काळातलं. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा होता, त्यात काही जमातींचं मूल जन्मलं की चोर, पुराव्याची गरज नाही, आणि अशा लोकांना एका वसाहतीत ठेवून रोज हजेरी घ्यायची, हुबळीची सेटलमेंट त्यातलीच. कायदा 1952 ला गेला. नाव अजून आहे, आणि सासूबाईंचा आवाज पण ते नाव घेताना अजून खाली जातो, सत्तरी ओलांडली तरी. मुंडगोडला पण तिबेटी लोक आपल्या वसाहतीला सेटलमेंटच म्हणतात. दोन सेटलमेंटा, तासाभराच्या अंतरावर.

आणि कोल्हापूरकडची आमची आजी. तिचं गाव वळिवड्याच्या बाजूला. तिथं महायुद्धाच्या वेळी, 1943 पासनं, पोलंडमधनं आलेली पाचेक हजार माणसं, जास्त करून बायका-पोरं, कॅम्पात ठेवली होती, ती 1948 पर्यंत तिथनं गेली आणि त्याच्याच आगेमागे फाळणीनंतरचे सिंधी आले. गोऱ्या निर्वासितांबद्दल आजी ‘बिचारी’ म्हणायची, सिंध्यांबद्दल ‘मापात मारत्यात, पोरीबाळी सांभाळा’ असं गावात बोलायचे म्हणायची. ‘निर्वासित’ हा शब्दच तिच्या तोंडी अर्धी शिवी होती. त्याच वळिवड्याच्या कॅम्पाचं आज गांधीनगर झालंय, आणि आजीच्या चारही नातींच्या लग्नाचा बस्ता गांधीनगरातच बांधला, आजी स्वतः गादीवर बसून शालू उलटेपालटे करत होती आणि सिंधी दुकानदार तिला आज्जी म्हणून सरबत देत होता. पोलंडवाल्यांसाठी आता स्मारक आहे, 2024 ला पंतप्रधान वॉर्साला गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूरच्या स्मारकाला फुलं वाहिली, ते टीव्हीवर बघून आमच्याकडं सगळ्यांना भरून आलं. आम्ही निर्वासित ठेवून घेणारी माणसं, अशी कॉलर ताठ. ग्रुपवर तो व्हिडिओ टाकणारे आणि तीन लाल दिवेवाला मेसेज टाकणारे बरेचसे तेच नंबर आहेत, मी धरून.

आता कुणी म्हणेल ही बाई सगळ्यांनाच संत करून ठेवलालीय. तसं नाही. माझा मावसभाऊ जर्मनीत स्टुटगार्टला आहे, शहापूरचा पोरगा, गाड्यांच्या कंपनीत. 2015 ला तिथं पावणेनऊ लाखांच्या वर लोक आसरा मागायला आले, आणि त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरच्या रात्री कोलोनच्या स्टेशनासमोर गर्दीत बायकांना घेरून हात घातले, मोबाईल-पाकिटं ओढली, शेकडो बायकांनी तक्रारी दिल्या. संशयितांत बरेच उत्तर आफ्रिकेतले, आणि त्यात आसरा मागणारे पण होते. हे घडलं, कुणी बनवलेलं नव्हतं, आणि त्या बायकांना खोटं पाडायचा तर प्रश्नच नाही. खरं त्याच्यानंतर झालं काय तर आमच्या शहापूरच्या पोराशेजारची ट्रॅममधली सीट महिनाभर रिकामी राहायला लागली. हा कंपनीच्या व्हिसावर, पगारातनं टॅक्स भरणारा, आईनं दिलेलं कुंद्याचं बॉक्स मांडीवर घेऊन बसलेला, आणि बाई पर्स आवळून उभी राहते. त्यानं हे तेव्हा फोनवर सांगितलं तर आम्ही सगळ्यांनी जर्मन लोकांना शिव्या घातल्या. मी जास्त.

कॉलनीत एक सुभेदार काका आहेत, मराठा लाईट इन्फंट्रीतनं रिटायर. ग्रुपवर कधी बोलत नाहीत, गुड मॉर्निंगचं फूल पण टाकत नाहीत. त्या मेसेजवर दोन दिवसांनी त्यांनी एकच ओळ लिहिली, ‘टू-टू म्हणजे काय माहिती आहे काय कुणाला?’ कुणाला नव्हती. मग त्यांनी संध्याकाळी बाकावर बसून सांगितलं, 1962 च्या चीन युद्धाच्या वेळी तिबेटी पोरांची एक फौज उभी केली, स्पेशल फ्रंटियर फोर्स, तिलाच जवान ‘टू-टू’, म्हणजे बावीस नंबर, म्हणायचे. 1971 ला चितगावच्या डोंगरात लढली, मेडल नाही, पेपरात नाव नाही. ऑगस्ट 2020 ला लडाखात पँगाँगकडं सुरुंग फुटून त्यांचा कंपनी लीडर न्यिमा तेनझिन गेला तेव्हा लेहला शवपेटीवर तिरंगा आणि तिबेटचा झेंडा दोन्ही होते, लोकांनी पहिल्यांदा उघडपणे बघितलं. काकांमुळं ग्रुप दोन दिवस गप्प झाला, कडक सॅल्यूटचे इमोजी आले. मला बरं वाटलं आणि नाही पण वाटलं. म्हणजे स्वेटर विकायला बसलेल्या बाईवर आळ नको यायला असेल तर तिच्या जातीतल्या कुणीतरी आधी सुरुंगावर मरून दाखवायचं काय? भाजी विकणाऱ्या आमच्या येळ्ळूरच्या मावशीला कुणी असं सर्टिफिकेट मागत नाही.

मी मावशींना सुभेदार काकांचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘हमारा घर से कोई नहीं गया. हमारा सब स्वेटर.’ आणि हसत सुटल्या.

बरं चेन. मुलाच्या हुडीची चेन आठव्या दिवशी मधनंच फाटली, म्हणजे वर लागलेली आणि पोटाकडं उघडी. मी परत घेऊन गेले, बिल नव्हतं आणलेलं, मावशींनी विचारलं पण नाही, दुसरा नग दिला. दुसऱ्याची चेन चार दिवसांत तशीच. आता मात्र माझा पारा चढला, मी तिसऱ्यांदा गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला. मावशींनी शांतपणे हुडी उलटी केली, चेन बघितली आणि म्हणाल्या हा सगळा लॉटच खराब आलाय, लुधियानावाल्याला फोन करून झालाय, तो पुढच्या सीझनला कापून घेईल. पैसे परत नको तर शिंप्याकडनं चांगली चेन लावून देते. लाईनीच्या शेवटी एक मशीन घेऊन बसलेला आपल्याच वडगावचा शिंपी आहे, त्याला साठ रुपये त्यांनी दिले. ती चेन अजून टिकली आहे. खरं मला तीनदा जावं लागलं, पेट्रोल माझं, म्हणून एक स्टार कापलाय. आणि खराब लॉट आहे हे कळल्यावर बाकीच्या हुड्या बाजूला काढून ठेवायला हव्या होत्या, त्या तशाच हँगरवर लटकत होत्या, हे चुकलंच त्यांचं, मी तोंडावर सांगितलं पण.

बाकी सूचना : रविवारी संध्याकाळी जाऊ नका, ट्रायल करायला जागा मिळत नाही. आरसा एकच आहे आणि तो तडकलेला आहे. लहान मुलांचे साइज बारक्या अंगाचे आहेत, आपल्या पोरांना दोन नंबर वरचा घ्या. शालींचा माल बरा आहे खरं थर्मलचं कापड पातळ, ते गणपत गल्लीत घ्या. सीझनच्या शेवटच्या आठवड्यात भाव उतरतो, तेव्हा मोठे साइज उरलेले असतात, आमच्यासारख्यांचं चांगभलं.

ग्रुपवर मी हुडीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की तो नोव्हेंबरातला मेसेज मी पुढं पाठवला होता, त्याला काही आधार नव्हता, चोर अजून सापडलेले नाहीत. माहेरच्या, भिशीच्या आणि शाळेच्या ग्रुपवर पण तेच टाकलं. पहिला मेसेज पाठवायला पाच मिनिटं लागली होती, ह्याला तीन दिवस. शाळेच्या ग्रुपवर दोन अंगठे आले. भिशीत कुणीच काही बोललं नाही, फक्त एकीनं खासगीत विचारलं, हुडीत निळा रंग आहे काय आणि चेनवालाच घ्यावा लागतो काय. मी म्हटलं बिनचेनचा पण आहे, उजवीकडनं चौथा स्टॉल, रात्री नऊपर्यंत.